नदीला घातलेले बरगे

दसरा-दिवाळीच्या आसपास कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीच्या बंधाऱ्यावर एक काम निघतं. त्याची निविदा निघते, बिलं निघतात, पण त्याचं उद्घाटन करायला कोणी फिरकत नाही. बरगे घालणं हे ते काम. वेदगंगेच्या पात्रात दगडी खांब ओळीनं उभे आहेत, दोन खांबांमध्ये साधारण दोन मीटरचा गाळा, आणि खांबांच्या कडेला वरून खालपर्यंत खाचा. या खाचांतून एकेक लाकडी फळी खाली सोडायची, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. जुन्या बाजारपेठेतली दुकानं अशीच फळ्या सरकवून बंद करत. फरक इतकाच, की इथं फळ्यांच्या दोन भिंती पुढं-मागं उभ्या राहतात आणि मधल्या पोकळीत चिकण माती ठोकून भरली जाते. खाली कमरेएवढ्या पाण्यात उतरलेला गडी पायानं चाचपून फळी बसली की नाही ते सांगतो. बसली नाही तर वर काढायची, पुन्हा सोडायची. त्या फळीचं नाव बरगा.

मे संपता संपता हेच काम उलटं होतं. माती काढतात, बरगे वर ओढून काठावर रचतात आणि नदी मोकळी करतात. पावसाळाभर पूर खांबांमधून आणि खांबांवरून वाहतो, गाळ घेऊन पुढं जातो. सरकारी कागदावर याला 'को. प. बंधारा' म्हणतात, म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा. इंजिनिअर मंडळी 'के. टी. वेअर' म्हणतात. जिल्ह्याच्या नावानं देशभर गेलेल्या वस्तूंत चप्पल आणि गूळ सगळ्यांच्या तोंडी आहेत. या बंधाऱ्याचं नाव मात्र पाटबंधारे खात्याबाहेर फारसं कोणी घेत नाही.

बरग्याची अक्कल आहे ती ठेवण्यात नव्हे, काढण्यात. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या चार महिन्यांत वर्षाचं सगळं पाणी आणतात, सोबत माती, दगड, उन्मळलेली झाडं. अशा नदीला आडवी पक्की भिंत घातली तर ती गाळानं भरते, आणि पूर अडून काठ फोडतो. आणि फेब्रुवारीत त्याच पात्रातून माणूस चपला हातात घेऊन पलीकडं जातो. तेव्हा भिंत हवी, पण आठच महिने. हा विचार ज्याला पहिल्यांदा सुचला त्याचं नाव पाटीवर नाही. त्यानं नदीशी भांडण काढलं नाही, हंगाम तेवढा ओळखला.

हंगाम ओळखणं मात्र जुगारच. बरगे लवकर घातले आणि परतीचा पाऊस कोसळला, तर बंधारा फुगतो आणि पाणी बाजूचा भराव कापून रानात घुसतं. उशीर केला तर नदीचा शेवटचा ओघ निघून जातो आणि मागं डबकी राहतात. मे अखेरीला वळीव जोरात लागला आणि बरगे तसेच राहिले, तर काढायला माणूस उतरू शकत नाही. मग खात्याचा शाखा अभियंता, काठावरचे शेतकरी आणि आभाळ या तिघांत जी काही ओढाताण चालते, ती दर वर्षी वेगळी.

या बंधाऱ्याचं कूळ शोधत मागं गेलं की दुष्काळ लागतो. १८९४ साली शाहू महाराज गादीवर आले आणि दोनच वर्षांत, १८९६-९७ ला, दुष्काळ पडला. पाठोपाठ १८९९-१९०० चा. १९०२ साली संस्थानानं पाटबंधाऱ्यांचं धोरण ठरवलं, विहिरी-तळ्यांची पाहणी सुरू झाली. पुढं भोगावतीवर दाजीपूरच्या जंगलाच्या तोंडाशी धरण घालायचं ठरलं आणि लेकीच्या नावानं राधानगरी वसवली. पैसा अपुरा पडला, काम थांबलं, आणि १९२२ साली महाराज गेले तेव्हा धरण अर्धवटच होतं. ते पुरं झालं स्वातंत्र्यानंतर. मधल्या काळात राजाराम महाराजांच्या राजवटीत कसबा बावड्याला पंचगंगेवर राजाराम बंधारा झाला. आज राज्यभरातल्या वाचकाला तो पुराच्या बातम्यांतून माहीत असतो: इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. बंधारा पाण्याखाली गेला की पूर मोजायचा, हे त्याचं पावसाळ्यातलं काम. खरं काम उन्हाळ्यातलं, पण त्याची बातमी होत नाही.

राधानगरीची एक गोष्ट बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटते: एवढ्या धरणाला कालवा नाही. धरणातून पाणी सोडतात ते थेट नदीत. नदीच कालवा, आणि तिच्या वाटेवर जागोजाग बरगे घातलेले बंधारे. कोल्हापूरच्या खोऱ्यांत हे पटण्यासारखंही होतं. खोरी अरुंद, काठची जमीन काळी आणि मोलाची, तिच्यात कालवा खणायचा तर जमीनच कालव्यात जायची. हीच रीत पुढं वेदगंगेलाही लागली. पाटगावला मौनी महाराजांच्या नावाचा मौनीसागर झाला, त्याची साठवण ३.७१६ टीएमसी. तिथून सुटलेलं पाणी शेणगाव, गारगोटी, म्हसवे, निळपण, वाघापूर, कुरणी असं बंधाऱ्या-बंधाऱ्यानं उतरत कागल तालुक्यातल्या बस्तवड्यापर्यंत जातं आणि मग कर्नाटकात शिरतं.

पण कालवा नसण्याची एक किंमत आहे. कालव्याचं पाणी उतारानं शेतात येतं. बंधाऱ्याचं पाणी नदीतच राहतं, खोल पात्रात, आणि शेत वर काठावर. ते वर आणावं लागतं. म्हणजे पाणी अडवलं सरकारनं, नदी सरकारची, पण ज्याच्याकडं उपसायचं साधन, पाणी त्याचं. कायदा काहीही म्हणो, काठावर हेच चालायचं.

मोट होती तोवर यात फारसं बिघडलं नाही. बैलांची जोडी उपसून उपसून किती उपसणार? गोष्ट बदलली इंजिनानं. सातारा रोडचं कूपर, नंतर किर्लोस्करांचं ऑइल इंजिन, आणि कोयनेची वीज १९६२ पासून मिळू लागल्यावर मोटर. एका दिवसात जेवढं पाणी मोटेनं महिन्यात निघायचं नाही तेवढं निघू लागलं. पण इंजिन, जॅकवेल आणि हजारो फूट पाइप घालायची ऐपत गावात एखाद्या घराची. त्यानं स्वतःच्या रानापुरतं पाणी आणलं, मग शेजाऱ्याला दिलं, आणि बदल्यात पिकातला वाटा घेतला. धरणं सरकारी राहिली आणि पाण्याचे मालक मात्र गावोगाव तयार झाले. याला कोणी खासगीकरण म्हटलं नाही, कारण तो शब्द तेव्हा चलनात नव्हता.

पाण्याचा मालक वाईटच होता असं म्हणायचं कारण नाही. पदरचा पैसा त्यानंच पहिल्यांदा नदीकाठच्या चिखलात घातला. पण उसाचं पीक उभं असताना पाणी कुणाला आधी, कुणाला मागून, हे एका माणसाच्या मर्जीवर राहिलं की गावातल्या बाकीच्या गोष्टीही, मतदानापासून ते मजुरीच्या दरापर्यंत, त्याच मर्जीकडं वळायला लागतात. यावर कोल्हापूरनं जो तोडगा काढला तो साखर कारखान्यांच्याच वळणाचा: सहकारी पाणीपुरवठा संस्था. शेतकऱ्यांनी भाग भांडवल घालायचं, बँकेचं कर्ज काढायचं, नदीत जॅकवेल बांधायची, डोंगराच्या पायथ्यापर्यंत पाइप न्यायचा. बिद्रीच्या साखर कारखान्याचं नावच 'दूधगंगा-वेदगंगा' आहे. त्या दोन नद्यांच्या काठचा ऊस आणि या पाणी संस्था एकमेकांच्या आधारानं वाढल्या.

संस्थेत मालक बदलला, पाळा, म्हणजे पाण्याची पाळी, राहिला. चेंबरची चावी पाटकऱ्याच्या हातात. लाईट रात्री येणार असली तर दारं धरायला रात्रीच जायचं. पाइपच्या तोंडाशी ज्याचं रान, त्याच्या सऱ्या भरून वाहतात, शेपटाला ज्याचं रान, त्याचा पाळा लांबतो. सोसायटीच्या वार्षिक सभेत अहवाल मंजूर होतो पाच मिनिटांत आणि पाळ्यावरची भांडणं चालतात तासभर. तरीही माझं मत संस्थेच्या बाजूनंच आहे. इथं निदान भांडायला सभा आहे आणि हात वर करून अध्यक्ष बदलता येतो.

एक गोष्ट मात्र सहकारानं सोडवली नाही. संस्थेचा सभासद म्हणजे जमिनीचा मालक. ज्याला जमीन नाही त्याला पाण्यात वाटा नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली, तेव्हा त्यांनी हीच गाठ सोडवायचा प्रयत्न केला. पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर मोजायचं, भूमिहीनालाही हक्क द्यायचा, आणि ऊस लावायचा नाही. या शेवटच्या अटीमुळं ती वेदगंगेच्या काठाला रुजणं अवघड होतं. शेजारच्या चिकोत्रा खोऱ्यात मात्र समन्यायी पाणीवाटपाची चळवळ उभी राहिली, आणि 'पाणी कुणाचं' हा प्रश्न तिथं उघडपणे विचारला गेला.

आता उपसाबंदी. बाहेरगावच्या पाहुण्याला हे सांगताना नेहमी अडचण होते. पाटगावात पाऊस असा पडतो की कौलांवर शेवाळ चढतं, आणि त्याच तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत पाणी उपसायला बंदी? पण बंदीचं कारण आभाळात नाही, नदीच्या लांबीत आहे. धरणातून पाणी सोडलं की ते खालच्या बंधाऱ्याला पोचायला वेळ लागतो. वाटेत दोन्ही काठांवर शेकडो मोटरी. वरच्या गावांनी एकदम बटणं दाबली तर खालच्या बंधाऱ्यापर्यंत ओलसुद्धा पोचत नाही. म्हणून जलसंपदा विभाग नदीचे टप्पे पाडतो: अमुक बंधाऱ्यापासून तमुक बंधाऱ्यापर्यंत इतके दिवस उपसा बंद, मग तो टप्पा सुरू आणि दुसरा बंद. पिण्याच्या योजनांना सूट. शेती आणि कारखान्यांना बंदी. बंदीत मोटर सुरू सापडली तर उपसासंच जप्त आणि परवाना वर्षासाठी रद्द, असं पत्रकात छापलेलं असतं. रात्री नदीकाठानं मोटरीचा आवाज ऐकत फिरणारं पथक आणि आवाज दाबायच्या युक्त्या, हा वेगळा विषय आहे. त्यावर लिहिलं तर निम्मा गाव रुसेल.

इथं बंदी घालतं ते सरकार. इंग्लंडात याच्या उलट झालं. १९८९ साली तिथल्या सरकारनं इंग्लंड आणि वेल्समधली दहा पाणी मंडळं कंपन्यांना विकली. दुष्काळात बागेला नळीनं पाणी घालायला बंदी करते ती कंपनी. १९९५ च्या उन्हाळ्यात यॉर्कशायरमध्ये जलाशय आटले तेव्हा कंपनीला टँकरनं पाणी वाहून आणावं लागलं, आणि लोकांचा राग नळीवरच्या बंदीवर कमी, कंपनीच्या गळक्या पाइपांवर जास्त होता. इथं उपसाबंदीचं पत्रक निघालं की मोर्चा जातो पाटबंधारे कार्यालयावर. तिथं जायचं तर कंपनीच्या दारात, आणि कंपनीला मतं मागायला यायचं नसतं.

पुन्हा बंधाऱ्याकडं येऊ. कोल्हापूरचा बंधारा जिल्ह्याबाहेर गेला तेव्हा त्याच्याबरोबर नदीत पाणी सोडणारं धरण गेलंच असं नाही. महाराष्ट्रात मराठवाडा-विदर्भातही को. प. बंधारे बांधले गेले. तिथं ऑक्टोबरनंतर वरून पाणीच येत नसेल तर बरगे घालून काय अडवणार? लाकडी बरगे कुजतात म्हणून लोखंडी आले, दोन भिंती आणि मातीऐवजी रबराची पट्टी लावलेली एकच भिंत आली. काम सोपं झालं, पण लोखंडाला भंगारात भाव आहे. बरगे चोरीला गेल्याच्या तक्रारी राज्यभरातल्या पोलीस ठाण्यांत सापडतील. लाकडी फळी चोरून कोणी काय करणार, चुलीत घालणार. लोखंडी बरग्याला गिऱ्हाईक आहे.

आणि आता नदीच्या वरच्या टोकाला नवा दावेदार आला आहे. पाटगावला पंप्ड स्टोरेजचा २१०० मेगावॉटचा प्रकल्प अदानी ग्रीन कंपनीनं मांडला, आणि २०२३ साली भुदरगड तालुक्यात त्याला विरोध उठला. अशा प्रकल्पात वर एक तलाव, खाली एक तलाव. वीज स्वस्त असते तेव्हा पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडून वीज काढायची. तेच पाणी वर-खाली फिरतं, बाष्पीभवनात जाईल तेवढंच भरून काढायचं, असं या तंत्राचं समर्थन करणारे सांगतात, आणि तंत्र म्हणून ते खोटं नाही. पण ज्यांचं सगळं आयुष्य 'बरगे कधी घालायचे' या एका तारखेभोवती गेलं, त्यांना टीएमसीचा आकडा फार काही सांगत नाही. पाणी किती, यापेक्षा पाणी कधी, हे त्यांना कळतं. सप्टेंबरात उचललेलं पाणी समुद्राकडं जाणारं असतं, मार्चमध्ये उचललेलं निळपण-वाघापूरच्या पाळ्यातलं. तलाव पहिल्यांदा भरायचा तो कुठल्या महिन्यात, पुढं घट भरून काढायची ती कुठल्या महिन्यात, आणि त्या वर्षी पाऊस लांबला तर उपसाबंदी कंपनीच्या पंपालाही लागू होणार की नाही, हे तीन प्रश्न गारगोटीत कुणालाही विचारा. त्यांची उत्तरं करारात छापील हवीत, आणि तो करार मराठीत, ग्रामसभेपुढं वाचलेला हवा.