बिघाड शोधणारी यंत्रे आणि त्यांची मर्यादा

इलेक्ट्रॉनिक उपकरणातील बिघाड नेमका कोठे आहे, हे कारागिराने मीटर लावून शोधण्याऐवजी चाचणीयंत्राने किंवा खुद्द उपकरणानेच शोधून काढणे, यास स्वयंचलित दोषनिदान म्हणतात.

कारखान्यात तयार झालेला सर्किट बोर्ड तपासण्याची जुनी पद्धत म्हणजे 'बेड ऑफ नेल्स'. स्प्रिंग लावलेल्या शेकडो खिळ्यांच्या पाटावर बोर्ड दाबून बसवला जातो आणि प्रत्येक खिळ्याला टेकलेली जोडणी संगणक तपासतो. पुढे चिपच्या पिना दाट झाल्या, काही तर चिपच्या खालीच दडल्या. खिळा टेकवायला जागा उरेना. यावर 'जॉइंट टेस्ट अ‍ॅक्शन ग्रुप' (जेटॅग) या गटाने उपाय शोधला. १९९० मध्ये तो आयईईई ११४९.१ या नावाने प्रमाणित झाला. यात चिपच्या पिनांलगत चिपच्या आतच एकेक सूक्ष्म कप्पा असतो. एका चिपच्या पिनेवर ठरावीक संदेश ठेवून तो दुसऱ्या चिपच्या पिनेवर वाचला जातो. संदेश बदलला, तर त्या दोन पिनांमधील जोडणी सदोष आहे हे कळते. या साऱ्याला चारच तारा पुरतात.

विमानांतील उपकरणे तर स्वतःचीच तपासणी करतात, दोषाची नोंद ठेवतात आणि वैमानिकाला इशारा देतात. तरीही एक दोष त्यांना चकवतो. डाखाच्या सांध्याला गेलेली बारीक चीर थंडीत किंवा कंपनात उघडते आणि एरवी मिटते. जमिनीवर चाचणी घेतली की उपकरण ठणठणीत! अशा वेळी नोंदवहीत शेरा पडतो, 'दोष आढळला नाही'.

अशा दोषाची परिणती २८ डिसेंबर २०१४ रोजी दिसली. सुराबायाहून सिंगापूरला निघालेले एअरएशिया इंडोनेशियाचे एअरबस ए-३२० विमान जावा समुद्रात कोसळले आणि १६२ जण मृत्युमुखी पडले. सुकाणूची हालचाल मर्यादित ठेवणाऱ्या यंत्रणेच्या बोर्डावरील डाखाच्या सांध्यांना चिरा गेल्याचे चौकशीत आढळले. त्या वर्षभरात देखभालीच्या कागदपत्रांत या यंत्रणेच्या तक्रारीची २३ वेळा नोंद होती आणि त्यांतील अंतर कमी होत चालले होते. शेवटच्या उड्डाणात इशारा चार वेळा आला. चौथ्या इशाऱ्यानंतर संबंधित संगणकांचा वीजपुरवठा खंडित झाला, स्वयंचलित चालन सुटले आणि वैमानिकांना विमान सावरता आले नाही. मूळ दोष काही स्वतःहून विमान पाडणारा नव्हता. परंतु तो वेळीच दूर झाला असता, तर तो प्रसंग ओढवलाच नसता.

यंत्राने आपले काम केले होते. इशारा दर वेळी दिला होता. मात्र प्रत्येक नोंद सुटी पाहिली गेली. एकच तक्रार पुन्हा पुन्हा येत असेल, तर चाचणीचा निकाल निर्दोष असूनही तो भाग काढून तपासला पाहिजे. हा निर्णय नोंदी एकत्र वाचणाऱ्या माणसालाच घ्यावा लागतो.