एकाच रोगाचं सर्टिफिकेट

राळेगाव-केळापूर पट्ट्यात मी कुष्ठतंत्रज्ञ होतो. लोक डॉक्टर म्हणत. मी डॉक्टर नव्हतो. वर्ध्याला घेतलेलं एकाच रोगाचं प्रशिक्षण आणि त्याचं सर्टिफिकेट, एवढीच माझी पुंजी. पण त्या रोगापुरतं जे मला कळे, ते पुष्कळ एमबीबीएसवाल्यांना कळत नसे, हे संकोच न करता सांगतो.

या पेशाचं मूळही वर्ध्यातच. मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली दत्तपूरला कुष्ठधाम काढलं. तिथे रोग्याला आसरा मिळे. १९५१ साली गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन आलं आणि रीतच पालटली: रोग्याची वाट बघत बसायचं नाही, घरोघर जाऊन त्याला हुडकायचं, समजवायचं आणि गावातच गोळी द्यायची. डॅप्सोनसारखी स्वस्त गोळी हाती आली होती. पण गावोगाव हिंडायला एवढे डॉक्टर कुठले? म्हणून शिकलेली पोरं निवडून त्यांना या एकाच कामात तरबेज केलं. १९५५ पासून सरकारच्या कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमातही हेच हात राबले.

शिकवणी कडक होती. तपासणी उजेडातच करायची, कंदिलाच्या प्रकाशात फिकट चट्टा हमखास निसटतो. रोग्याला डोळे मिटायला लावून पेनाचं टोक हलकेच टेकवायचं. टेकवलं तिथे त्याने बोट ठेवायचं. बोट ठेवलं नाही, तर तो चट्टा बधिर. मग कोपरामागची नस बोटाखाली घोळवून बघायची, दोन्ही हातांची, कारण जाड झालेली नस दुसरीशी ताडल्याशिवाय कळत नाही. कानाची पाळी चिमटीत घट्ट धरून बारीक काप घ्यायचा, रक्त न येऊ देता आतला रस खरवडून काचपट्टीवर पसरायचा.

कापूस वेचणीच्या दिवसांत कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, ऊन चढलं की माणूस सापडत नसे, म्हणून उजाडताच पोचावं लागे. एका म्हाताऱ्याने सरळ विचारलं, "दुखत नाही त काहाले दाखवू, भाऊ?" रोगाची सगळी मेख त्या प्रश्नात होती. दुखत नाही म्हणूनच चुलीवर हात भाजतो, तळव्यात काटा रुततो आणि पत्ता लागत नाही.

१९८० नंतर डॅप्सोनच्या जोडीला इतर औषधं देणारा बहुविध औषधोपचार आला. डॅप्सोन वर्षानुवर्षे, काहींना जन्मभर घ्यावी लागे. आता सहा महिने किंवा दोन वर्षांत औषध पूर्ण होऊ लागलं. महिन्याचा डोस आमच्यासमोर गिळायचा. रिफाम्पिसिनने लघवी लाल होई, क्लोफाझिमिनने कातडी काळवंडे, माणसं घाबरून गोळ्या टाकून देत. तेव्हा गोळीपेक्षा आमची जीभ जास्त कामी येई.

डिसेंबर २००५ मध्ये देशातलं रोगाचं प्रमाण दर १०,००० लोकांमागे एकाच्या खाली आलं. त्याच सुमारास हे काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळलं. आता शोधमोहिमेत आशाताई दारोदार जातात, त्यांच्या वहीत इतरही दहा कामं असतात. रोगी घरोघर होते तेव्हा नवखी नजरही चालून जाई. आज एखाद्या गावात एकच चट्टा असतो, आणि तो ओळखायला मुरलेलं बोट लागतं. त्यामुळे रोग ओसरला म्हणून ते सर्टिफिकेट मोडीत काढणं मला पटत नाही. प्रत्येक तालुक्याला असा एक तरी माणूस हवा.