बंडलची दोन घराणी

गल्प या जावास्क्रिप्टच्या बिल्ड-साधनाच्या जुन्या फाइलींत, अनेक फाइलींचं एक बंडल बांधणाऱ्या ब्राउझरिफायच्या लगेच पुढे ‘सोर्स’ आणि ‘बफर’ अशा दोन ओळी हमखास भेटतात. नवखे लोक त्या तशाच उचलून चिकटवतात. त्या तिथे का आल्या, हे कळायला बंडलची दोन घराणी पाहावी लागतात.

एक घराणं बेल लॅब्जचं. बागेतल्या नळीला पुढचा तुकडा जोडावा तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यायला हवेत, असं डग मॅकिलरॉय यांनी 1964 सालच्या टिपणात मांडलं होतं. केन थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये पाइप घातला तो 1973 मध्ये. पुढे 2009 मध्ये ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं रायन डाल यांचं नोड आलं आणि हीच कल्पना ‘स्ट्रीम’ म्हणून जावास्क्रिप्टात रुजली.

दुसरं घराणं मॉड्यूलचं. जावास्क्रिप्ट 1995 चं, पण एका फाइलने दुसरीला बोलवायची सोय त्यात नव्हती. पानावर स्क्रिप्ट टॅग ओळीने लावायचे. क्रम चुकला की सगळं कोसळायचं. 2009 च्या कॉमनजेएस या मानकाने त्यासाठी ‘रिक्वायर’ दिलं, तेही ब्राउझरच्या बाहेर. 2011 मध्ये जेम्स हॅलिडे यांच्या ब्राउझरिफायने ते ब्राउझरात आणलं. त्यातली युक्ती मला आजही देखणी वाटते. सुरुवातीच्या फाइलपासून प्रत्येक ‘रिक्वायर’चा माग काढायचा, सापडेल ती फाइल फंक्शनमध्ये गुंडाळून तिला क्रमांक द्यायचा, आणि वर ‘रिक्वायर’चं छोटंसं रूप ठेवून सगळं एका फाइलीत ओतायचं. प्रत्येक मॉड्यूलची व्हेरिएबल्स त्याच्या घरातच राहतात.

गल्प 2013 चं, पहिल्या घराण्यातलं: ते फाइली स्ट्रीममधून एका टप्प्याकडून दुसऱ्याकडे पाठवतं. प्रत्येक टप्प्याला डिस्कवर लिहा-वाचायची खेप त्याने वाचवली. मात्र गल्पच्या नळीतून ‘विनाइल’ वाहतात, म्हणजे नाव-पत्त्यासह फाइली. ब्राउझरिफायमधून येतो तो निव्वळ मजकूर, निनावी आणि तुकड्यातुकड्यांनी. म्हणून विनाइल-सोर्स-स्ट्रीम त्याला ‘बंडल.जेएस’ असं नाव देतं. कोड आवळून लहान करणाऱ्या अग्लिफायला तर अख्खा मजकूर हातात लागतो, कारण अर्धवट फंक्शन आवळता येत नाही. ते तुकडे विनाइल-बफर गोळा करतं.

हा सांधा झाकणारं गल्प-ब्राउझरिफाय नावाचं प्लगइनही निघालं होतं. गल्पच्या मंडळींनी ते काळ्या यादीत टाकलं आणि ब्राउझरिफाय थेट वापरा म्हणून सांगितलं. त्यांचं बरोबरच होतं. दोन ओळी जास्त पडतात, पण प्रवाह कुठे थांबतो आणि कुठे रूप बदलतो, ते वाचणाऱ्याला दिसतं.