रेल्वे आणि प्रवाशाचा मुक्काम : ठाणे ते पंढरपूर

अमेरिकेतील टेक्सास राज्यात स्लेटन या गावी सांता फे रेल्वेने १९१२ मध्ये बांधलेले ‘हार्वी हाउस’ स्थानिक स्वयंसेवकांनी दुरुस्त करून जतन केले आहे. लोहमार्गालगतच्या अशा उपाहारगृहांची मालिका फ्रेड हार्वी याने १८७६ पासून उभी केली; काही ठिकाणी मुक्कामाचीही सोय असे. आपल्याकडे याच्याशी तुलना करता येईल अशी वास्तू कोणती, हा प्रश्न ठाणे-कल्याण परिसरातील रेल्वेचा इतिहास अभ्यासताना पडतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी आली. १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणपर्यंत व १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचला. १८५८ मध्ये खंडाळा-पुणे मार्गही सुरू झाला. मधला बोरघाट मात्र तसाच राहिला. पुण्यास जाणाऱ्याने खोपोलीस उतरावे, पालखीतून, तट्टावरून किंवा पायी घाट चढावा आणि खंडाळ्यास दुसरी गाडी धरावी, असा क्रम होता. १८६३ मध्ये घाटातील मार्ग पूर्ण झाला आणि खोपोली मुख्य मार्गापासून बाजूला पडली. रेल्वेने निर्माण केलेली मुक्कामाची गरज रेल्वेनेच अशी अल्पावधीत नाहीशी केली. तेव्हा आपली ‘हार्वी हाउसे’ वाटेवर शोधणे फारसे फलदायी नाही. ती प्रवास जेथे संपतो तेथे शोधावयास हवीत.

बार्शी लाइट रेल्वे १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत गेली. बाळकुमसारख्या खाडीकाठच्या गावातील वारकऱ्यास ठाण्याला गाडीत बसून, कुर्डुवाडीस गाडी बदलून विठ्ठलाच्या गावी उतरता येऊ लागले. डब्यांचे वर्ग भाड्यावर ठरत. जातवार डबे रेल्वेने ठेवले नाहीत. (याचे कारण उदारमतापेक्षा हिशेब हेच असावे.) एका बाकावर बसून आलेल्या प्रवाशांच्या वाटा पंढरपुरात मात्र वेगळ्या होत. धर्मशाळा ही दानशूरांची देणगी खरी. पण अनेक धर्मशाळांची दारे विशिष्ट समाजापुरतीच उघडी असत आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या यात्रेकरूस निवारा दुर्मीळ होता.

ही उणीव गाडगे महाराजांनी ओळखली. लोकवर्गणी आणि श्रमदान यांच्या बळावर त्यांनी नाशिक, आळंदी, पंढरपूर येथे धर्मशाळा उभारल्या. पंढरपुरातील धर्मशाळेस त्यांनी चोखामेळ्याचे नाव दिले. ज्या संताची समाधी मंदिराच्या महाद्वाराबाहेर आहे, त्याच्याच नावाचे छप्पर यात्रेकरूंना मिळाले.

स्लेटनच्या स्वयंसेवकांनी व्यापारी कंपनीची वास्तू वाचवली. येथे वास्तूच मुळात लोकांच्या श्रमातून उभी राहिली. रेल्वे-वारसा म्हणून आपण स्थानके, पूल आणि इंजिने मोजतो. गाडीतून उतरलेला माणूस रात्री कोठे निजला, याची मोजदाद आपण क्वचितच करतो, आणि म्हणून ही धर्मशाळा रेल्वेच्या इतिहासात सहसा येत नाही. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९४९ मध्ये, गाडगे महाराजांनी चोखामेळा धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.