सॅक्सोफोनचा हरवलेला नाद

वाद्य कारागीर घडवितो. परंतु त्याचा नाद वादकाला स्वतःच्या श्वासांतून घडवावा लागतो. सॅक्सोफोनचा इतिहास हा या गोष्टीचा ठळक पुरावा आहे.

बेल्जममधील दीनां या गांवीं १८१४ सालीं जन्मलेला आदोल्फ साक्स हा वाद्यें बनविणाऱ्या बापाचा मुलगा. लष्करी बँडमध्यें पितळी वाद्यांचा दणदणाट आणि क्लॅरिनेटसारख्या लांकडी वाद्यांचा कोंवळा स्वर यांचा मेळ बसत नसे. साक्सनें पितळेची निमुळती नळी घेतली आणि तिच्या तोंडाशीं बोरूची एकच पातळ पत्ती असलेला माउथपीस बसविला. हा माउथपीस आंतून रुंद व गोलसर असल्यानें नाद भरीव, तरी मृदु निघे. १८४२ सालीं संगीतकार बर्लिओझ यानें पॅरिसच्या वृत्तपत्रांत या नव्या वाद्याची मुक्तकंठानें वाखाणणी केली, आणि १८४६ सालीं साक्सला पेटंट मिळालें. तंतुवाद्यांशीं जुळणारा, पण त्यांच्याहून जोरकस असा स्वर हें आपलें ध्येय असल्याचें त्यानें पेटंटांतच नमूद केलें होतें.

यशाबरोबर वैरहि आलें. प्रतिस्पर्धी कारखानदारांनीं त्याला वर्षानुवर्षें कोर्टाच्या पायऱ्या चढावयास लाविलें, आणि तीन वेळां त्याचें दिवाळें निघालें. १८५७ पासून तो पॅरिसच्या संगीतविद्यालयांत लष्करी विद्यार्थ्यांना सॅक्सोफोन शिकवीत असे. १८७० सालीं प्रशियाशीं युद्ध पेटलें व तो वर्ग बंद पडला. १८९४ सालीं साक्स वारला. वर्ग पुन्हा उघडला तो १९४२ सालीं. मधल्या ७२ वर्षांत त्या विद्यालयांतील गुरुपरंपरा तुटली. वाद्य उरलें, पण त्याचा नाद कसा असावा हें सांगणारें घराणें उरलें नाहीं.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेंतील नाचाच्या बँडांनीं सॅक्सोफोन उचलला, तेव्हां विनोदी चीत्कार काढणें हीच पुष्कळांना करामत वाटे. कोलमन हॉकिन्सहि आरंभीं जिभेनें पत्तीवर फटकारे मारीत वाजवी. पुढें त्यानें ती रीत टाकून भारदस्त, घनगंभीर नाद कमावला. १९३९ सालीं त्यानें मुद्रित केलेली 'बॉडी अँड सोल' ही तबकडी त्याची साक्ष आहे. याच्या उलट लेस्टर यंगचा स्वर हलका, तरल. १९३४ सालीं फ्लेचर हेंडरसनच्या बँडांत तो हॉकिन्सच्या जागीं आला, तेव्हां सहकाऱ्यांना तो नाद रुचला नाहीं. हेंडरसनची पत्नी त्याला हॉकिन्सच्या तबकड्या ऐकवी. यंगनें कांहीं महिन्यांतच नोकरी सोडली. नाद मात्र सोडला नाहीं. पुढें तरुण वादकांच्या एका सबंध पिढीनें त्याचाच कित्ता गिरविला.

युरोपांत दोघांनीं निरनिराळ्या वाटा धरल्या. जर्मनीचा झीगुर्ड राशर हा मूळचा क्लॅरिनेटवादक. स्वतःच्या सॅक्सोफोनचा नाद त्याला असह्य वाटला, म्हणून त्यानें मुळापासून अभ्यास मांडला. सर्वांत खालच्या स्वराची बोटें तशींच ठेवावयाचीं, आणि केवळ श्वास व कंठ यांच्या बळावर त्याच नळींतून तारषड्ज, त्यावरचा पंचम, अतितारषड्ज, गंधार असे स्वयंभू स्वर क्रमानें काढावयाचे, ही त्याची रीत. स्वर आधीं मनांत ऐकल्यावांचून तो उमटत नाहीं. म्हणून या मेहनतीनें कान व कंठ दोन्ही तयार होतात. साक्सचा जुना रुंद माउथपीसच खरा, असा त्याचा आग्रह असे. १९४१ सालीं त्याचें या विषयावरील पुस्तक निघालें. फ्रान्सच्या मार्सेल म्यूलनें मात्र उजळ, रेशमी नाद पसंत केला आणि जॅझमधील आंदोलन मोजून-मापून अभिजात संगीतांत आणलें. १९४२ सालीं उघडलेला तो वर्ग त्याच्याच हातीं आला.

दोघेहि २००१ सालीं निवर्तले. त्यांचे शिष्य माउथपीसवरून वाद घालीत राहिले. परंतु रोज सकाळीं एकच स्वर लांबवून, त्याचा आरंभ, मध्य व शेवट कानांनीं पारखावा, याविषयीं दोन्ही पक्षांत दुमत नव्हतें. खर्जाची मेहनत करणाऱ्या गवयाला हें नवें वाटणार नाहीं. बंद पडलेला वर्ग हुकुमानें उघडतां येतो. हरवलेला नाद मात्र असा एकेका श्वासानेंच परत मिळवावा लागतो.