परळचा दवाखाना आणि बुळकांडीचा शेवट

9 मे 1874 रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. तिचा एक मार्ग परळहून कुलाब्याला जाई. कापसाच्या गासड्या बैलगाड्यांतून गोदीकडे निघत, बग्ग्यांना घोडे लागत आणि दूध शहरातल्याच तबेल्यांतल्या म्हशी देत. सगळी मुंबई जनावरांच्या बळावर चालत होती. या जनावरांचे दुखणे-खुपणे पाहणारे कोण, तर नालबंद आणि सलोत्री. सलोत्र्याची विद्या शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली, बापाने मुलाला शिकवलेली. लंगडणारा घोडा, पोटशूळ, जखम एवढे तो निभावून नेई. साथ आली की मात्र त्याचा इलाज संपे.

जनावरांची कणव या शहराला नवी नव्हती. 1832 मध्ये सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. तिथे थकलेल्या जनावरांना चारा आणि निवारा मिळे. पण औषधोपचार ही वेगळी गोष्ट होती. तिच्यासाठी शिकलेली माणसे हवी होती.

ती घडवण्याची सोय परळला झाली. सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय निघाले आणि 1886 मध्ये त्याच आवारात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे वर्ग भरू लागले. त्याआधी 1882 मध्ये लाहोरला असे शिक्षण सुरू झाले होते; कलकत्ता आणि मद्रास यांची पाळी नंतर आली. रुग्णालय आणि वर्ग एकाच आवारात असण्याचा फायदा मोठा होता. सकाळी पुस्तकात वाचलेला आजार दुपारी दारात आलेल्या बैलाच्या अंगावर पाहायला मिळे.

महाविद्यालयाचे पहिले प्रमुख जॉन हेन्री स्टील हे लष्करातले पशुवैद्य. 1880 मध्ये ग्रिफिथ इव्हान्स यांनी डेरा इस्माईल खान येथे ‘सर्रा’ झालेल्या जनावरांच्या रक्तात वळवळणारे सूक्ष्म परजीवी पाहिले होते. पाच वर्षांनी ब्रह्मदेशातल्या लष्करी खेचरांत तसाच रोग स्टील यांनी अभ्यासला आणि त्या परजीवीला इव्हान्स यांचे नाव दिले. हत्तींच्या आजारांवरही त्यांनी पुस्तक लिहिले. 1891 मध्ये मुंबईतच त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती.

घोडे, खेचरे, हत्ती या यादीवरूनच तेव्हाच्या सरकारची निकड कळते. सैन्य आणि त्याची वाहतूक आधी, शेतकऱ्याचा बैल नंतर. बैलाला या विद्येच्या केंद्रस्थानी आणले ते बुळकांडीने.

बुळकांडी लागलेले जनावर तापाने फणफणे, तोंडात व्रण पडत, डोळ्यां-नाकातून पाणी वाहे, मग जुलाब लागत आणि बहुतेकदा काही दिवसांत ते दगावे. ऐन पेरणीच्या तोंडावर बैलजोडी गेली की शेत पडीक राहणार आणि घर सावकाराच्या दारात जाणार, हे ठरलेले. 1871 मध्ये सरकारी आयोगाने गुरांच्या साथींवर सविस्तर अहवाल दिला. पुढे 9 डिसेंबर 1889 रोजी पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. तिचे प्रमुख होते आल्फ्रेड लिंगार्ड. जनावरांच्या रोगांवर देशपातळीवर संशोधन करणाऱ्या या संस्थेचा जन्म पुण्यातला. भर वस्तीत संसर्गजन्य रोगांवर प्रयोग करणे धोक्याचे होते आणि तिथली हवाही उष्ण, म्हणून 1893 मध्ये प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली. 1897 मध्ये रॉबर्ट कॉख तिथे येऊन गेले. आज हीच संस्था भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते.

मुक्तेश्वरलाच 1920च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका बकरीतून दुसरीत असा पुनःपुन्हा संक्रमित करून गुरांसाठी सौम्य केला आणि त्यापासून लस तयार झाली. स्वातंत्र्यानंतर 1954 मध्ये देशभर लसीकरणाची मोहीम निघाली. परळसारख्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या पदवीधरांचे खरे काम इथे सुरू झाले. बर्फात जपलेली लस घेऊन गावोगाव जायचे, बुजणारी गुरे दावणीला बांधून घ्यायची, सुईने जनावर आटेल अशी भीती असलेल्या मालकाला समजवायचे. गावाने त्यांना ‘ढोरांचा डॉक्टर’ म्हटले. भारतात या रोगाची शेवटची साथ 1995 मध्ये आली, 2006 मध्ये देश रोगमुक्त ठरला आणि 2011 मध्ये जगानेच बुळकांडीचे उच्चाटन जाहीर केले. मानवी देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसरा रोग. एवढ्या मोठ्या विजयात गावपातळीवरच्या पशुवैद्यांचा वाटा आहे आणि तो शाळेच्या पुस्तकांत यायला हवा.

दरम्यान या विद्येचा विस्तार होत गेला. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथे महाविद्यालये निघाली. 1984च्या कायद्याने भारतीय पशुवैद्यक परिषदेला शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचा अधिकार दिला आणि 2000 मध्ये नागपूरला पशू व मत्स्य विज्ञानांचे स्वतंत्र विद्यापीठ आले. आज पदवीचा अभ्यास इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचा आहे. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला एकच शरीर शिकायचे असते. इथे गाय, म्हैस, घोडा, शेळी, डुक्कर, कुत्रा आणि कोंबडी, प्रत्येकाची रचना वेगळी आणि रोगी तोंडाने काही सांगत नाही. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून गाईची गाभण तपासणी पहिल्यांदा करताना वासराचा अंदाज बोटांनाच घ्यावा लागतो. ते कसब पुस्तकातून येत नाही.

वैद्यकीयला प्रवेश हुकला म्हणून पशुवैद्यक, असे अनेक घरांत आजही बोलले जाते. हा समज या विद्येवर अन्याय करणारा आहे. पदवीनंतर कुणी राज्यसेवेतून पशुधन विकास अधिकारी होतो, कुणी लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये जातो. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळी कांचनला सुरू केलेल्या ‘बाएफ’ने कृत्रिम रेतनाची सेवा शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेली, तशा संस्थांत आणि दूध संघांत पशुवैद्य लागतोच. जुन्नरजवळच्या माणिकडोह केंद्रात जखमी बिबट्यांवर उपचार होतात, देवनारच्या कत्तलखान्यात मांसाची तपासणी होते, लसनिर्मितीच्या प्रयोगशाळा चालतात. सिंधुदुर्गातला माकडताप किंवा रेबीज यांसारख्या रोगांत माणसाचे आरोग्यही याच ज्ञानावर अवलंबून असते. 2022 मध्ये लंपीने गोठे हादरले, तेव्हा गुरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचत हीच माणसे गावोगाव फिरली.

पुढचे मोठे काम ठरलेलेही आहे. बुळकांडीच्या विषाणूचा जवळचा नातलग शेळ्या-मेंढ्यांत पीपीआर हा रोग घडवतो. भारतात तो 1987 मध्ये तमिळनाडूत प्रथम ओळखला गेला आणि मुक्तेश्वरला त्यावर देशी लस तयार झाली. 2030 पर्यंत तो जगातून हटवण्याचे आंतरराष्ट्रीय उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रात त्याची कसोटी धनगरांच्या कळपांवर लागेल. दिवाळीनंतर देशावरून कोकणात उतरणारी आणि पावसाआधी परतणारी ती मेंढरे एका दवाखान्याच्या हद्दीत कधीच नसतात. त्यांच्यापर्यंत लस पोचवायची तर पशुवैद्याला वाड्याचा मुक्काम, रानातली वाट आणि मेंढपाळाचा विश्वास हे तिन्ही मिळवावे लागेल.