पोलिसी मोटारीची ओळख आणि मोल

राजेरजवाड्यांच्या मोटारी टिकतात. फौजदाराची जीप टिकत नाही. म्हैसूरहून तिरुमकूडलु नरसीपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वरुणासारख्या गावी राहणाऱ्याला या विधानाचा पडताळा दूर जाऊन घ्यावा लागत नाही. श्रीरंगपट्टणाजवळ महामार्गालगत धर्मस्थळाच्या डॉ. वीरेंद्र हेगडे यांच्या संग्रहातील जुन्या मोटारींचे ‘पयण’ नावाचे संग्रहालय अलीकडेच उभे राहिले आहे. तेथील लखलखीत गाड्या पाहून मनुष्य थक्क होतो. म्हैसूरच्या दसऱ्यात पोलिसांचे घोडदळही अद्याप डौलाने मिरविते. परंतु घोड्याची जागा ज्या यंत्राने घेतली, त्या पोलिसी मोटारीचे स्मारक मात्र क्वचितच आढळते. अशी एखादी जुनी गाडी पुढे आलीच, तर ती खरी कशी ओळखावी आणि तिचे मोल कशावरून ठरवावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पोलिसांनी मोटार वापरण्याची प्रथा सव्वाशे वर्षांची आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात ॲक्रन नावाचे शहर आहे. तेथील पोलिसांनी १८९९ साली जी गाडी वापरात आणिली, ती जगातील पहिली पोलिसी मोटार मानली जाते. ती विजेवर चाले आणि तिचा वेग ताशी सोळा मैलांचा होता. तिची पहिली कामगिरी रस्त्यात धिंगाणा घालणाऱ्या एका मद्यप्याला उचलून आणण्याची होती. आणि पुढल्याच वर्षी दंगलखोर जमावाने ती कालव्यात ढकलून दिली. पोलिसी गाडीच्या नशिबी काय असते, हे पहिल्याच गाडीने दाखवून दिले. ती हौसेची वस्तू नव्हे. ती राबविण्याची, आपटण्याची, वेळी जनतेचा रोष अंगावर घेण्याची वस्तू होय. म्हणूनच ती मागे फार थोडी उरते.

आता ओळखीकडे वळू. अमेरिकेतील संग्राहकाचे काम पुष्कळ सोपे आहे. तेथील कारखाने पोलिसांसाठी निराळी बांधणी करीत. फोर्डच्या ‘क्राउन व्हिक्टोरिया’ या गाडीच्या सांगाडा-क्रमांकात ‘पी ७१’ ही अक्षरे आली, की ती पोलिसी बांधणीची, असे निश्चित सांगता येते. आपल्याकडे ही सोय नाही. पोलिसांच्या जीपगाड्या आणि ॲम्बॅसॅडर बहुधा इतरांच्याच साच्यातून निघत. भेद पडे तो नंतर, रंगाने आणि सामानाने. सबब आपल्या संग्राहकाला खुणा शोधाव्या लागतात. टपावर दिव्याची बैठक होती काय, तिची भोके बुजविली आहेत काय, बिनतारी यंत्राच्या काठीसाठी पत्र्याला छिद्र पाडले होते काय, समोरच्या फळीमागे जादा तारा तोडलेल्या दिसतात काय, हे पाहावे. दाराच्या उंबऱ्याखाली नखाने रंग खरवडला, तर थरावर थर निघतात. जुना सरकारी रंग तेथे लपून बसलेला असतो. वरवर रंग फासून आणि भोंगा बसवून सजविलेल्या गाडीच्या उंबऱ्याखाली तो सापडत नाही.

जीपच्या बाबतीत आणखी एक खूण उपयोगी पडते. दुसऱ्या महायुद्धातील विलिस व फोर्ड यांच्या जीपच्या तोंडावरील पत्र्याच्या जाळीला नऊ फटी असत. युद्धोत्तर नागरी जीपला सात. सात फटींची गाडी ‘लढाईतून उरलेली, मग ठाण्याला मिळालेली’ म्हणून कोणी विकू लागला, तर गिऱ्हाइकाने नमस्कार करून परत फिरावे.

लोखंडाहूनही अधिक सत्य बोलतो तो इतिहास. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव, धारवाड, विजापूर व उत्तर कानडा या भागांची ठाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आली. तेव्हा मुंबई राज्याच्या अक्षरांची जुनी जीप मुंबई शहरातीलच असली पाहिजे असे नाही. ती बेळगावात खरेदी होऊन म्हैसूरच्या अमलाखाली म्हातारी झालेली असू शकते. ‘महाराष्ट्र’ हे राज्यनाम १ मे १९६० पूर्वीच्या सरकारी गाडीवर मूळ रंगात असणे शक्य नाही; ‘कर्नाटक’ हे राज्यनाम १ नोव्हेंबर १९७३ पूर्वीच्या गाडीवर नाही; आणि ‘एमएच’ वा ‘केए’ ही क्रमांकाची अक्षरे तर १९८९ नंतरची. ज्याला या चार तारखा पाठ आहेत, त्याला सहसा कोणी फसवू शकत नाही. आपल्या प्रांतांच्या सीमा कशा हलल्या, याची बखरच या पत्र्यांवर लिहिलेली असते, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि या सर्व खुणा जुळल्या, तरी सिद्ध एवढेच होते, की गाडी पोलिसांकडे असावी. कोणत्या ठाण्याकडे होती, कोणी चालविली, कोणत्या रात्री कोठे धावली, हे पत्रा सांगत नाही. ते कागद सांगतो. प्रस्तुत लेखक केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून असल्यामुळे कागदाविषयी त्याला पक्षपात असेल. पण येथे तो पक्षपात युक्त आहे. प्रत्येक सरकारी गाडीची फेऱ्यांची नोंदवही असते. तीत तारीख, वेळ, मैल, काम आणि सही असते. गाडी थकली, म्हणजे तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव तयार होतो, तपासणीचा शेरा पडतो, किंमत ठरते आणि हर्रास होतो. या बाडाचा मुदतीनंतर नाश केला जातो, आणि तोही नियमानुसारच. गाडी एका दाराने भंगारवाल्याकडे जाते आणि तिचे चरित्र दुसऱ्या दाराने रद्दीत. पुढे तीस वर्षांनी कोणा हौशी माणसाला ती सापडते, तेव्हा तिचे नाव, गाव, कूळ सर्व पुसलेले असते.

मोल ठरते ते येथे. सांगाडा आणि इंजिन मूळचे असणे, सुटे भाग पुरे असणे, गंज नसणे, या गोष्टी कोणत्याही जुन्या मोटारीला लागू आहेत. पोलिसी गाडीची जादा किंमत पुराव्याची असते. दिवा आणि भोंगा बाजारात विकत मिळतात. त्यांना मोल नाही. शिवाय खाजगी गाडीवर ते लावून रस्त्यावर फिरणे कायद्याला मान्य नाही. नोंदवहीचे एक जीर्ण पान विकत मिळत नाही. म्हणून मोल त्याचे.

याचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण मुंबईचे आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत पोलिसांच्या एका क्वालिस गाडीवर गोळीबार झाला आणि हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर हे तिघे अधिकारी त्यांच्या शिपाई सहकाऱ्यांसह धारातीर्थी पडले. मारेकऱ्यांनी तीच गाडी पळविली आणि टायर निकामी झाल्यावर टाकून दिली. मागच्या बाजूस जखमी होऊन पडलेले अरुण जाधव वाचले, म्हणून त्या गाडीत काय घडले हे जगाला कळले. क्वालिस ही काही दुर्मिळ मोटार नव्हे. म्हैसूर-बंगळूर रस्त्यावरील बिडदी येथे टोयोटा आणि किर्लोस्कर यांच्या संयुक्त कारखान्यात ती बनू लागली आणि पुढे देशभर टॅक्सी म्हणून धावली. हजारोंतून त्या एकीला वेगळी करते ते काय? न्यायालयाच्या दप्तरात नोंदला गेलेला तिचा क्रमांक आणि एका शिपायाची साक्ष. पत्रा इतर क्वालिसांसारखाच होता. कागदाने तिला इतिहासात स्थान दिले. अशा गाडीची किंमत रुपयांत करणे हा अपराध ठरेल. परंतु ओळखीचे शास्त्र तिच्यावरून शिकावे.

आता संकट नवे आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी दिली. वीस हजार रुपये शुल्क आणि दहा वर्षांची मुदत. संग्राहकांनी याचे स्वागत केले, ते योग्यच झाले. परंतु १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे पुरी झालेल्या सरकारी गाडीची नोंदणी नूतन होत नाही. ती नोंदणीकृत भंगार-केंद्राकडे जाते. चिलखती वगैरे विशेष गाड्यांपुरता अपवाद आहे. धुराच्या आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने हा नियम समर्थनीय असेल. पण दोन्ही नियम शेजारी ठेवून वाचावेत. पन्नाशी गाठल्यावाचून मान नाही, आणि पंधराव्या वर्षी मरण ठरलेले. मधली पस्तीस वर्षे सरकारी गाडीने कोठे काढावीत? मुदतीपूर्वीच खाजगी हातांत गेलेली एखादी गाडी सोडली, तर आजची साधी गस्तीची मोटार जुनी होऊ शकणारच नाही.

उपाय मोठ्या खर्चाचा नाही. म्हैसुरास कर्नाटक पोलीस अकादमी आहे, नाशिकास महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. प्रत्येकीने दर दशकातील एक साधी गस्तीची गाडी तिच्या नोंदवहीसह आवारात उभी करावी आणि तेवढ्यापुरती नियमात सवलत मिळवावी. गाडीला जागा नसेल, तर निदान नोंदवही तरी अभिलेखागारात पाठवावी. तेथे तिला कपाटातील दोन बोटे जागा पुरेल. राजाची मोटार राजाने कसे मिरविले हे सांगते. ठाण्याची जीप सामान्य माणसाच्या हाकेला राज्य किती वेळात धावून गेले, हे सांगते. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या नातवंडांना हवे असेल, तर रद्दीच्या गठ्ठ्याला सुतळी बांधण्यापूर्वी तो एकदा उघडून पाहिला पाहिजे.